अंगठ्याखालचा प्रश्न

“दाक्तरी, अजून किती दिवस राहिले?”

सिप्रोझनं हे विचारलं तेव्हा मी उकळलेल्या कात्र्या आणि चिमटे फडक्यावर वाळत घालत होतो. मी डॉक्टर नाही, नर्स आहे. पण आमच्या तळ्याकाठी पांढरा कोट घातलेला कुणीही दाक्तरीच असतो. पंचवीस वर्षं झाली, आता मीही कुणाला दुरुस्त करत नाही.

“दिवस कसले?”

“वुओन ओमोलोचे. बेचाळीस सांगितले होते ना तुम्ही.”

वुओन ओमोलो म्हणजे ओमोलोचा बाप, तिचा नवरा झब्लोन. होड्या बांधतो. फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी त्याची सुंता आमच्याच खोलीत झाली होती. जखम नीट भरेपर्यंत बेचाळीस दिवस बायकोजवळ जायचं नाही, हे मीच त्याला सांगितलं होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं.

“आज सोळावा. सव्वीस राहिले.”

“सव्वीस,” ती म्हणाली आणि दाराबाहेर बघत राहिली. बाहेर चिखल होता. पाऊस दर वर्षीपेक्षा तीन-साडेतीन आठवडे आधीच येऊन ठेपला होता. “सगळ्या टेकडीची पेरणी झाली, दाक्तरी. आमच्याच घरी बी मडक्यात आहे. तिन्ही पोरं माझ्या तोंडाकडे बघतात.”

तेव्हा माझ्या हातातला चिमटा खाली पडला. खरंच पडला. पुन्हा उकळावा लागला.

आमच्याकडे पेरणी शेतात सुरू होत नाही. आदल्या रात्री घरधनी आणि त्याची थोरली बायको एकत्र झोपतात, सकाळी ती पहिलं बी टाकते. मग थोरला मुलगा आणि त्याची बायको, मग मधला, मग धाकटा. क्रम मोडला तर घराला दोष लागतो, लहान पोरं वाळत जातात, असं म्हणतात. मी शिकलेला माणूस आहे. विषाणू अंगात कसा शिरतो हे मी लोकांना चित्रं काढून समजावतो. आणि त्याच मार्चमध्ये माझ्या घरची पेरणी अगदी याच क्रमानं झाली होती. माझा मका चार बोटं वर आला होता.

“त्यानं मला आधी का नाही सांगितलं?” मी म्हणालो. आवाज उगाच चढला होता.

“मीही हेच विचारलं त्याला. तो म्हणाला, ओग्वेनो दाक्तरी सगळ्यांना विचारतो. घरी काही असलं तर माणसाला परत पाठवतो. मला त्यानं विचारलंच नाही. म्हणजे त्यानं काहीतरी बघूनच ठरवलं असणार.” ती बाकावरून उठली. “तो तुमच्या भरवशावर बसलाय. म्हणून म्हटलं, तुम्हालाच येऊन विचारावं.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं.

आता तो प्रश्न काय होता, ते सांगायला हवं. सांगायची लाज वाटते, कारण एके काळी तो माझा मोठा अभिमान होता.

आम्हा लुओ लोकांमध्ये सुंता नव्हतीच. आमचे आजे मर्द झाल्याची खूण म्हणून खालचे सहा दात काढून घ्यायचे आणि सुंता करणाऱ्या शेजाऱ्यांची थट्टा करायचे. मग एड्सनं घरंच्या घरं रिकामी केली. सुंता झालेल्या पुरुषाला बाईकडून लागण व्हायचा धोका निम्म्याहून कमी होतो हे कळलं, आणि आमच्या गावात सुंतेचे तंबू आले, जीपगाड्या आल्या, भोंगे आले. गावातला पहिला मीच आत गेलो. बाहेर शंभर माणसं उभी होती आणि मी हसत बाहेर आलो, ते हसू किती महाग पडलं ते माझं मला माहीत.

तंबूवाले प्रत्येक माणसाला छापील कागदावरचे अकरा प्रश्न विचारायचे. साखरेचा आजार आहे का, रक्त लवकर थांबतं का, असले. तरी पुरुष मध्येच मागे फिरायचे. कुणाचं घर बांधून व्हायचं असायचं, कुणाच्या घरी मयत झालेलं असायचं, कुणाची पेरणी तोंडावर असायची. आमच्यातल्या या सगळ्या गोष्टींना नवरा-बायकोची ती एक रात्र लागतेच. हे तंबूवाल्यांना कोण सांगणार? मी कागदाच्या तळाशी पेनानं बारावा प्रश्न लिहिला: ‘घरी कुठला विधी व्हायचा आहे का?’ असला तर माणसाला सांगायचं, तो उरकून ये. किसुमू शहरातल्या मोठ्या बैठकीत हे मी उभं राहून सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. एका गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न वहीत उतरवून घेतला. लोक त्याला ओग्वेनोचा प्रश्न म्हणायला लागले, आणि मी ते कानावर पडेल अशा बेतानं बाजारातून फिरायचो.

मग तंबू गेले. जीपगाड्या गेल्या. कार्यक्रम आता तुम्हीच टिकवा, असं वरून सांगण्यात आलं. आधी चकचकीत कात्र्या एकदा वापरून फेकून द्यायचो, आता त्याच उकळून पुन्हा घेतो. राहिली एक खोली, आठवड्याचा एक मंगळवार, शस्त्रक्रिया करणारा ओतुगे आणि मी. महिन्याला बारा पुरुष आले नाहीत तर खोली दंतवैद्याला जाणार होती. त्याची खुर्ची प्लास्टिकमध्ये गुंडाळून व्हरांड्यात आणूनही ठेवली होती. तिच्याजवळून जाताना रोज वाटायचं, ही आपल्या मरणाची वाट बघत बसली आहे.

फेब्रुवारीच्या त्या शेवटच्या मंगळवारी अकरा झाले होते. संध्याकाळचे साडेचार. ओतुगे हातमोजे काढत होता, आणि झब्लोन दारात आला.

“मिन ओमोलोनं पाठवलं,” तो म्हणाला. “म्हणाली, म्हातारपणी तरी अक्कल येऊ दे.”

मिन ओमोलो म्हणजे ओमोलोची आई, सिप्रोझ. ती नऊ वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या घेते, आणि झब्लोनचं रक्त स्वच्छ आहे. गोळ्या चालू असल्या की भीती नसते. पण जानेवारीत पाच आठवडे गोळ्या आल्याच नव्हत्या, आणि पुन्हा सुरू केल्या तरी विषाणू दबायला काही महिने लागतात. म्हणून तिनं त्याला धाडलं होतं. त्याच्याइतकी सुंतेची गरज त्या महिन्यात दुसऱ्या कुणाला नव्हती, हे मी स्वतःला हजारदा सांगितलं आहे. ते खरंही आहे.

मी अकरा प्रश्न विचारले. बाराव्यावर माझा अंगठा होता. मी अंगठा उचलला नाही. त्या वेळी डोक्यात एवढंच होतं, की पाऊस अजून महिनाभर लांब आहे, आणि हा बारावा आहे.

“झालं?” झब्लोननं विचारलं. क्षणभर तो माझ्याकडे बघत राहिला. आता कळतं, तो त्या प्रश्नाची वाट बघत होता.

“झालं. कर सही,” मी म्हणालो.

सिप्रोझ आली त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. झब्लोन कमरेला बायकोचं लुगड्यासारखं फडकं गुंडाळून अर्धवट होडीच्या सावलीत बसला होता. जखमेला चड्डी लागू नये म्हणून. पोरांना मात्र त्यानं फळी मांडीवर पडली म्हणून सांगितलं होतं. चौपन्न वर्षांच्या बापानं सुंता केली हे आमच्यात मुलांसमोर, त्यातून सुनांसमोर, कोण बोलेल?

“या, टाळ्यावाले,” तो म्हणाला. “कुंपणापलीकडे बघ. सगळ्यांचं रान हिरवं झालं. माझं रान तेवढं माझ्यासारखंच पडून आहे.”

“झब्लोन, माझं चुकलं.”

“चुकलं ते चुकलं. आता बोल काय करायचं ते.”

मी विचारलं, या वर्षी तसंच पेरलं तर? त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरा उपाय काढला. रबर वापरलं तर? “रबर घालून विधी होतो का रे? तू तुझ्या घरी तसा केलास?”

सिप्रोझ चहा घेऊन आली. आम्हा दोघांना काचेचे कप, तिच्या स्वतःच्या हातात हिरव्या काठाचा पत्र्याचा कप. मी त्या कपाकडे बघितलं, ते तिला दिसलं.

“हा माझा वेगळा,” ती म्हणाली. “लॅव्हेंडरनं काढून ठेवलाय. थोरली सून हो, ओमोलोची. सासरा सासूजवळ जात नाही, तेव्हा सासूचा आजार वाढला असणार, असं तिनं दोघी जावांना सांगितलंय. नऊ वर्षं एका भांड्यातून खाल्लं या पोरींनी माझ्याबरोबर.”

ती रडत नव्हती. कप तिनं दोन्ही हातांत धरला होता, एवढंच.

“तू सांग पोरांना,” झब्लोन म्हणाला. थट्टा संपली होती. “माझ्या तोंडून ते निघणार नाही. बापानं पोरांशी असलं बोलायचं नसतं. तू दाक्तरी आहेस, तुला चालतं. सांग, तुझ्या आईत काही दोष नाही, दवाखान्याचा हुकूम आहे, आणि हुकूम देताना दवाखान्यानं विचारायचं ते विचारलं नाही. एवढं कळलं तर सव्वीस दिवस पोरं थांबतील. कमी पिकलं तर कमी खाऊ.”

“शनिवारी येतो,” मी म्हणालो. “पोरं घरी असतील तेव्हा. चार वाजता.”

“ये. तोवर मी तिला धीर देतो.”

शुक्रवारी वरच्या कचेरीतून बाईंचा फोन आला. “ओग्वेनो, फेब्रुवारीत बारा! छान. मंगळवार चालू राहणार. काही तक्रार वगैरे?”

“काही नाही, मॅडम.”

व्हरांड्यातली ती खुर्ची त्या दिवशी मला जरा लहान दिसली.

शनिवारी मी निघालो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. दळणाच्या गिरणीपाशी आठ-दहा माणसं उभी होती. त्यांतला एकजण ओरडला, “दाक्तरी, झब्लोनकडे निघालात का? विचारा बघा त्याला, यंदा दगड पेरणार का?” सगळे हसले. दुसरा म्हणाला, “म्हातारीची तब्येत बिघडलीय म्हणतात. खरं का?”

तिथंच सांगता आलं असतं. तिथं सांगायचंही नव्हतं, नुसतं पुढे चालत राहायचं होतं. पण डोक्यात आलं, मी घरी सांगणार, पोरं बायकांना सांगणार, संध्याकाळपर्यंत गिरणीवर येणार, की सुंतावाल्यांनी झब्लोनची पेरणी अडवली. मग मंगळवारी कोण येणार? मार्चचे बारा कुठून आणू? हे सगळं मी फार शहाणपणाचं समजून मनात घोळवलं. प्रत्यक्षात मी कच खाल्ली होती.

“नाही रे, गिरणीपर्यंतच आलो होतो,” मी म्हणालो. हातात दळण नव्हतं. तसाच परत फिरलो.

सोमवारी सकाळी कामावर जाताना वरच्या वाटेनं झब्लोनचं शेत दिसलं. सिप्रोझ वाकून पहिली ओळ टाकत होती. बांधावर तिन्ही पोरं आणि सुना आपापल्या टोपल्या घेऊन थांबली होती. ती एकदाही मान वर न करता शेवटापर्यंत गेली. मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. सुटलो, असं वाटलं. त्या वाटण्याची जितकी लाज वाटते, तितकी त्या अंगठ्याचीही वाटत नाही.

मंगळवारी झब्लोन आला. जखम उसवली होती. मी ती धुतली, औषध लावलं. तो छताकडे बघत होता.

“परवा रात्री?” मी विचारलं.

“तू शनिवारी आला नाहीस. सात वाजेपर्यंत पोरांना बसवून ठेवलं होतं आम्ही. रात्री लॅव्हेंडर तिला म्हणाली, आई, तुम्ही माहेरी जाऊन पडा, म्हणजे बाबा पेरणीची दुसरी काहीतरी सोय करतील.” त्यानं नजर छतावरून माझ्याकडे वळवली. “मग मी काय करायला हवं होतं, नाफ्ताली?”

कित्येक वर्षांत त्यानं मला नावानं हाक मारली नव्हती.

लागण अडवणाऱ्या गोळ्या असतात. बहात्तर तासांच्या आत सुरू करायच्या, अठ्ठावीस दिवस घ्यायच्या. कपाटात होत्या, त्या मी त्याला दिल्या. खरं काय ते तीन महिन्यांनी रक्त तपासल्यावर कळणार होतं.

“मी कुणाकडे तुझं नाव घेतलं नाही,” जाताना तो म्हणाला. “तुझा मंगळवार चालू राहू दे.”

त्या दिवसापासून मी बारावा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला लागलो. मार्च आणि एप्रिलमध्ये कुणाच्या घरी पेरणी नसते? माणसं आली, मी परत पाठवली. वहीत नावं लिहून घेतली, कापणीनंतर या म्हणून. एकोणीस नावं झाली. प्रत्यक्ष सुंता झाल्या मार्चमध्ये चार, एप्रिलमध्ये तीन. जूनमध्ये खुर्चीवरचं प्लास्टिक फाडून ती आत नेली. आम्हाला महिन्याचा पहिला मंगळवार ठेवला, तोही दंतवैद्य नसेल तर. ज्या खोलीसाठी मी हे सगळं केलं ती मला साडेतीन महिने पुरली.

जुलैच्या सुरुवातीला झब्लोन आणि सिप्रोझ व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली. तिनं हिरव्या मक्याची कणसं आणली होती, फडक्यात बांधून. मी झब्लोनच्या बोटाला सुई टोचली. पट्टीवर थेंब टाकला. पंधरा मिनिटं थांबायचं असतं. आम्ही तिघंही पट्टीकडे बघत बसलो. आतून दात कोरण्याच्या यंत्राचा आवाज येत होता.

एकच रेघ उमटली. दुसरी येते का म्हणून मी आणखी पाच मिनिटं थांबलो. आली नाही.

“स्वच्छ आहे,” मी म्हणालो.

सिप्रोझनं खांद्यावरचं फडकं तोंडावर घेतलं. तिचे खांदे हलत होते. झब्लोन तिच्याकडे न बघता म्हणाला, “ऐकलंस ना? आता झोप तरी लागू दे तुला.” मग माझ्याकडे वळला. “कागद काढ.”

“कुठला?”

“माझा. फेब्रुवारीचा. त्यात एक जागा कोरी आहे.”

कपाट आत होतं. दंतवैद्याची माफी मागून मी कागद काढून आणला. तळाशी माझ्याच अक्षरातली ओळ, आणि पुढे काही नाही.

“विचार,” झब्लोन म्हणाला.

मी वाचलं. किसुमूला शेकडो लोकांसमोर खणखणीत वाचलेली ओळ. “घरी... घरी कुठला विधी व्हायचा आहे का?”

“आहे. पेरणी.”

मी लिहिलं. खाली तारीख घातली, ती त्या दिवसाची, जुलैची.

“कणसं घ्या, दाक्तरी,” सिप्रोझ उठत म्हणाली. “चांगली भरलीत.”

“आणि लॅव्हेंडर?” मी विचारलं. “तो कप?”

तिनं फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. “कणसं खाते. कप आहे तिथंच आहे. एकदा वेगळा काढलेला कप परत कोण मिसळतं?”

मी कोट काढून खुंटीला लावला. दोघांबरोबर चालायला लागलो. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. गिरणीपाशी कुणीतरी हाक मारली, “दाक्तरी, कुठे?” मी म्हणालो, “झब्लोनकडे. मार्चमध्ये जायचं राहिलं होतं.”

अंगणात तिन्ही पोरं जाळं शिवत होती. सुना चुलीपाशी होत्या. झब्लोन होडीकडे निघून गेला, पाठ करून उभा राहिला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाप दवाखान्यात का आला. मी काय विचारलं नाही. शनिवारी कुठून परत फिरलो. आईचा आजार तसूभरही वाढलेला नव्हता, आणि बापानं जीव धोक्यात घालून पेरणी केली ती माझ्यामुळे. ओमोलो जाळ्याच्या गाठीकडे बघत राहिला. एवढंच होतं. हे मार्चमध्ये सांगायला मला एवढाच वेळ लागला असता.

लॅव्हेंडर आत गेली. चहा घेऊन आली. काचेचे कप आमच्यासमोर ठेवले, आणि सवयीनं हिरव्या काठाचा पत्र्याचा कप सिप्रोझसमोर. ठेवल्यावर तिचा हात तिथंच अडकला.

मी वाकून तो कप उचलला. “हा मी घेतो,” म्हणालो, आणि प्यायलो. चहा कडक होता, गोड होता. पत्रा ओठाला चटका देत होता.

सिप्रोझ रिकाम्या हातांनी बसली होती. लॅव्हेंडर वळून पुन्हा आत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. ती कुठला कप घेऊन बाहेर येते, याची आम्ही सगळेच वाट बघत बसलो.